मासा असं काही नसतं

आतार मॅडमबरोबर मासे खायला बसू नये, हे आमच्या कॉलेजात नव्याने लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात सांगितलं जाई, आणि तरीही प्रत्येक जण एकदा तरी बसत असे. मीही बसलो. डिंभ्याला धरणाच्या अलीकडे एक पत्र्याची खानावळ आहे. मालकाने समोर ताट ठेवलं आणि म्हणाला, "रोहू, मॅडम. सकाळचा, ताजा." मॅडमनी अख्खा मासा उलटा केला, चमच्याच्या टोकाने कातडी जराशी उचलली, आणि म्हणाल्या, "हा मृगळ आहे."

"मॅडम, तळल्याव समदे रोहूच," मालक म्हणाला.

"बरोबर. मग पापलेट का लिहिता फळ्यावर?"

मालक हसत आत गेला. हे संभाषण त्यांच्यात नेहमीचं होतं असं नंतर कळलं. मॅडम मात्र पुढे मन लावून जेवल्या. जेवताना ताटाच्या कडेने हाडं मांडत गेल्या: आधी कवटी, मग जबडा, मग कल्ल्याचं झाकण, मग मणके ओळीने. जेवण संपलं तेव्हा माझ्या ताटात उष्टं होतं आणि त्यांच्या ताटात एक मासा होता. तो त्यांनी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. मालकाने न मागता प्लास्टिकची पिशवी आणून दिली.

नसीम आतार. प्राणिशास्त्र विभाग, म्हणजे त्या, एक प्रयोगशाळा परिचर आणि भिंतभर बरण्या. जुन्नरच्या बाजारपेठेत त्यांच्या आजोबांचं अत्तराचं दुकान होतं. "तीन पिढ्यांत आम्ही गुलाबावरून फॉर्मलिनवर आलो," असं त्या स्वतःच सांगत, म्हणजे दुसऱ्या कोणाला तो विनोद करायची संधी मिळू नये. मी इतिहास शिकवायचो. त्या म्हणत, "सर, तुमचं-माझं काम एकच. मेलेल्यांची भावकी लावायची. माझे मेलेले निदान बरणीत गप्प बसतात."

भावकी हा त्यांचा लाडका शब्द. अस्थिमत्स्य, म्हणजे हाडाचे मासे, हा त्यांचा खास विषय, आणि त्याचं वर्गीकरण त्या लग्न जुळवणाऱ्या आत्याबाईंच्या तयारीने शिकवत. दर वर्षीचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मासा असं काही नसतं." मुलं एकमेकांकडे बघत. मग त्या सांगत, की पाण्यात राहतो आणि पोहतो म्हणून त्याला मासा म्हणायचं, तर तो शेजार झाला, भावकी नव्हे. एका आळीत राहणारे सगळे एका कुळाचे असतात का? मुशीला, म्हणजे छोट्या शार्कला, एकही हाड नाही, सगळी कूर्चा. पापलेटला हाडं आहेत, आपल्यालाही आहेत. हाडवाल्या माशांच्या फार जुन्या घराण्यात दोन पाती झाली. एकाच्या परांना काड्या राहिल्या, त्यातून रोहू, वाम, मरळ, बोंबील, घोडमासा अशी हजारो घरं निघाली. दुसऱ्याच्या परात मांस भरलं, त्याचे पुढे पाय झाले, आणि त्यातला एक आज पहिल्या बाकावर बसून जांभई देतोय. तेव्हा पापलेटची सोयरीक मुशीपेक्षा आपल्याशी जवळची.

एका वर्षी हे ऐकून एक मुलगी घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी अवसरीहून तिचे वडील थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये. मीही तिथे कसल्यातरी सहीसाठी उभा होतो.

"माज्या पोरीला मॅडम मासा म्हनल्या," ते म्हणाले. "आमी माळकरी हाय. घरात अंडं येत न्हाई."

प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "मी तिला एकटीला नाही म्हटलं. सगळ्यांनाच. तुम्हालाही, प्राचार्यांनाही."

गृहस्थांनी प्राचार्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. राग कुठेतरी हलला असावा. "मंग हे कोन्चं मासं?" त्यांनी विचारलं.

"पर मोजल्याशिवाय मी नाव सांगत नाही," मॅडम म्हणाल्या.

ते वाक्य विनोदासाठी नव्हतं. खरंच त्या सांगत नसत. बाजारात कोणी मासा पुढे धरून "हा कोणता?" विचारलं, तर दुसरा कोणी चटकन नाव टाकून मोकळा झाला असता. मॅडम पर्समधून भिंग आणि दाभण काढत, पाठीवरच्या पराच्या काड्या दाभणाने वेगळ्या करत, अंगावरच्या रेषेतले खवले मोजत, आणि तोवर मागे गिऱ्हाइकांची रांग लागे. कोळीण वैतागून म्हणे, "आवो मॅडम, लगीन जमवताय का?" त्या म्हणत, "हो. चुकीच्या घरात पडायला नको."

त्यांच्या जुन्नरच्या घरी दोन प्रेशर कुकर होते. एकात बिर्याणी, एकात कवट्या. हाडांवरचं मांस सुटावं म्हणून त्या डोकी शिजवत, मग टूथब्रशने घासून उन्हात वाळवत. दोन्ही कुकर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. आम्ही कॉलेजातले ईदला जेवायला गेलो की शिट्टी झाल्यावर गप्पा थांबत. मग त्यांच्या अम्मी स्वयंपाकघरातून ओरडत, "खाओ खाओ, डरो मत. उसका वाला बाहर गॅलरी में है." अम्मींना मुलीचा हा उद्योग अजिबात पसंत नव्हता. पण शेजारच्या बायकांनी नाक मुरडलं, की त्या म्हणत, "मेरी बेटी कवटी देखके खानदान बताती है. तुम्हारा बताऊँ?"

मॅडममध्ये एक गोष्ट होती, जी मी प्राध्यापकांमध्ये आधी पाहिली नव्हती आणि नंतरही फारशी पाहिली नाही. आपण चुकलो हे कळलं, की त्यांना आनंद होई. दाखवण्यापुरता नव्हे, खरा. नवा अभ्यास आला, एखादा मासा आपण समजत होतो त्या कुळातला नाही हे ठरलं, की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जुन्नरच्या बेकरीतल्या नानकटाईचा पुडा येई. त्यामुळे आमच्याकडे विज्ञानाच्या प्रगतीबद्दल सर्व शाखांमध्ये आस्था होती. मराठीचे सर तर अधूनमधून विचारत, "काय मॅडम, बऱ्याच दिवसांत कोणाचं कूळ बदललं नाही?"

वामीच्या वेळी असंच झालं. मॅडमच्या आधीच्या सरांनी वाम आणि अहिर यांच्या बरण्या शेजारी ठेवल्या होत्या, दोन्ही सापासारखे लांब म्हणून. अहिर आता आमच्या नदीत येत नाही. तो जन्मतो समुद्रात, वाढायला नदीत येतो, आणि मधल्या धरणांना त्याचा प्रवास माहीत नाही. बरणीतला तो जुन्या काळचा. मॅडमनी आल्या आल्या त्या दोघांची ताटातूट केली. पुढे नव्या अभ्यासात निघालं, की वाम मॅडमनी नेली होती त्या कपाटातलीही नाही, ती मरळीची जवळची नातलग. एक सापासारखी सडपातळ, एक दंडासारखी जाड, तोंडावळा कुठेच जुळत नाही. मॅडमनी बरणी उचलून मरळीशेजारी ठेवली, जुनी चिठ्ठी खरवडली, नवी चिकटवली, आणि त्या दिवशी नानकटाईबरोबर खारीही आली.

नेमकी त्याच आठवड्यात कॉलेजची तपासणी करायला समिती आली. समिती येणार म्हणजे कुंड्या येतात, समिती गेली की कुंड्या जातात. हे सगळीकडे तसंच असावं. अध्यक्ष कपाटापुढे थांबले. खरवडलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं हा मासा चुकीच्या जागी होता?"

प्राचार्यांचा चेहरा पडला. मॅडम आनंदाने म्हणाल्या, "हो सर! आणि कदाचित आताही असेल."

अहवालात काय लिहिलं गेलं ते मला माहीत नाही. कुंड्या मात्र त्या वर्षी लवकर गेल्या.

आता देवीच्या डोहाची गोष्ट. मॅडमची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांपुढे येतो तो हा डोह.

डिंभ्याच्या वरच्या अंगाला, धरणाचं पाणी जिथपर्यंत फुगतं त्याच्याही पुढे, एका वाडीजवळ ओढ्याला कातळात खोल डोह आहे. काठावर देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला दगड. डोहातले मासे देवीचे. तिथे गळ टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही, कपडेसुद्धा धुवायचे नाहीत. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीच्या खडशी, म्हणजे आपल्याकडचे म्हसीर, वर येऊन ते खातात. बाकी नदीत खडस आता दिसेनाशी झाली आहे. डोहात आहे, कारण देवी आहे. एका खडशीच्या नाकात नवसाची नथ आहे असं म्हणतात. पाहिली कोणीच नाही, पण नाकारायचीही कोणाची तयारी नाही. मॅडम दर वर्षी मुलांना तिथे नेत, चुरमुरे टाकायला लावत आणि नुसतं बघायला सांगत. डोहाचे भगत गेणूबाबा त्यांना "मासंवाल्या बाई" म्हणत.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांचा वाढदिवस होता. त्यांना सगळे आबा म्हणतात, आपणही आबाच म्हणू. कार्यकर्त्यांनी ठरवलं की यंदा केक नको, देवीच्या डोहात मत्स्यबीज सोडायचं. कल्पना वाईट नव्हती. वाढदिवसाच्या कल्पनांमध्ये तर चांगलीच होती. डोहाच्या वाटेवर आबांचा फलक लागला, त्यावर आबांच्या मागे कोणत्यातरी परदेशी समुद्रातला डॉल्फिन उडी मारत होता. डॉल्फिन मासा नाही हे सांगण्याची ती वेळ नव्हती, तरी मॅडमनी सांगितलं. त्यांना तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून मंचावर बसवलं होतं. कॉलेजच्या वतीने सोबतीला मी.

निवेदक आबांना "जलसमृद्धीचे शिल्पकार" म्हणत होता. शाल झाली, नारळ झाला. मॅडम सारख्या विचारत होत्या, "बीज कशाचं आहे? कोणी पाहिलंय?" कार्यकर्ता म्हणाला, "मॅडम, एक नंबर माल हाय. लई चिवट. मरत न्हाई."

"मरत नाही?" असं म्हणून मॅडम मंचावरून उतरल्या. नारळ हातातच होता. डोहाकाठी ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मांडल्या होत्या. त्या वाकल्या, एक पिशवी उजेडाकडे धरली. लांबट काळसर पिल्लं, चपटं डोकं, लांब मिशा, पाठभर एकच पर. मांगूर. आता मांगूर दोन. एक आपला देशी, गरीब. दुसरा आफ्रिकेतला, त्याला आपल्याकडे का कोण जाणे थाय मांगूर म्हणतात. तो खादाड, भसाभस वाढणारा, पाण्यातलं जे हलेल ते गिळणारा, आणि त्याच्यावर सरकारी बंदी. वरून दोघे जुळे भाऊ. फरक कवटीच्या मागच्या टोकात आणि कल्ल्याआतल्या गाळणीच्या दाटपणात. पिशवीतल्या पिल्लाच्या कल्ल्याआत बघता येत नाही.

मॅडम दाभण शोधत होत्या तेवढ्यात मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्याने आवाज दिला, "हां, सोड!" आणि एका उत्साही कार्यकर्त्याने एक पिशवी फाडून डोहात ओतली. टाळ्या झाल्या. दुसरी पिशवी उचलली गेली.

मॅडमनी नारळ खाली टाकला आणि निवेदकाच्या हातून माइक घेतला. "थांबा. हा बंदी असलेला मांगूर आहे. अजून एकही पिशवी सोडायची नाही."

मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी काही मोजलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना न मोजता नाव घेताना ऐकलं.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "आमच्या देवीच्या डोहात काय सोडायचं, ते आता ह्यांनी सांगायचं का?"

'ह्यांनी' कोणावर होतं ते सगळ्यांना कळलं. मॅडमनाही. त्या म्हणाल्या, "देवीचं मी काही सांगत नाही. माशाचं सांगते." बोलणं एवढंच. आबांनी डॉल्फिनच्या फलकाकडे, मग मॅडमकडे, मग चित्रीकरणवाल्याकडे पाहिलं. "मोबाइल बंद कर," ते म्हणाले. पिशव्या परत टेम्पोत गेल्या. वाढदिवस मोडला.

एका पिशवीतलं मेलेलं एक पिल्लू घेऊन आम्ही जुन्नरला त्यांच्या घरी आलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "देशी निघाला, तर मी भर सभेत खोटं बोलले असं होईल. तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तरी, सर, देशी निघू दे." अम्मींनी चहा ठेवला. गॅलरीत दिव्याखाली मॅडमनी ते पिल्लू उघडलं, भिंगातून बघत राहिल्या, पुन्हा बघितलं. मग भिंग खाली ठेवलं.

"क्या निकला?" अम्मींनी विचारलं.

"मेराच सही निकला," मॅडम म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. स्वतःचं खरं ठरल्याचं इतकं दुःख झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही वाडीवर. पिल्लं काल ओतलेली, अजून काठालाच घोटाळत असणार; आजच काढली तर निघतील, पांगली तर गेली. पण काढायची कशी? डोहात जाळं पडत नाही. गेणूबाबा तांदळ्यापुढे बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, डव्हात पडला त्यो देवीचा. तिनं कुनाचं कूळ कवा इचारलं न्हाई."

मला वाटलं, आता मॅडम अडकल्या. भावकीची आणि कुळांची भाषा आयुष्यभर शिकवली, ती अशी उलटून आली. कालच्या त्या मागच्या आवाजानंतर तर 'परका म्हणून काढा' हे त्यांच्या तोंडून येणं अवघडच होतं.

त्या खाली बसल्या. "बाबा, परका आहे म्हणून नाही म्हणत मी. तुमच्या परसातली मिरचीही परदेशातूनच आली. धरणातली चिलापी परदेशी, ती वाडीतले सगळे खातात. कोण कुठून आला याच्याशी माझं भांडण नाही. हा खाईल काय, याच्याशी आहे. हा खडशीची अंडी खाईल, पिल्लं खाईल. दोन-तीन पावसाळ्यांत डोहात हा एकटा राहील. मग देवीकडे चुरमुरे खायला हा वर येईल. नथ याला घालणार का?"

गेणूबाबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "मी कोन सांगनारा," ते म्हणाले. "कौल लावू."

तांदळ्याला पाणी घातलं, दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. बाबांनी हात जोडले. "आये, तुज्या डव्हात मिशीवाला आलाय, त्यो काढू का, आन् जाळं टाकू का..."

"बाबा, थांबा," मॅडम म्हणाल्या. "दोन प्रश्न एकत्र करू नका. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही असेल तर? आणि मिशीवाला म्हणू नका. खडशीलाही बारीक मिशा असतात. ती पण निघायची."

"बाई, कौल लावताय का पेपर काढताय?" बाबा म्हणाले. पण प्रश्न त्यांनी सुधारून घेतला: काल पिशवीतून आला तेवढाच, जाळ्यानं, काढू का?

मग आम्ही बसलो. फूल लवकर पडत नाही, पडू नये अशीच ती रीत असावी. मधे आबांची गाडी आली. आबा एकटेच उतरले. चप्पल काढून मागे बसले. पिशवी ओतणारा कार्यकर्ताही चालत येऊन झाडाआड उभा राहिला. मॅडम तांदळ्याकडे अशी टक लावून बघत होत्या, जशी एरवी त्या फक्त सूक्ष्मदर्शकातच लावत. देवावर माझा विश्वास बेताचा. त्या सकाळी मात्र उजव्या फुलाचा देठ किती ओला आहे, यापलीकडे मला जगात काही महत्त्वाचं वाटत नव्हतं.

उजवं फूल पडलं.

झाडाआडचा कार्यकर्ता "आई गं" म्हणून मटकन खाली बसला. आबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

डिंभ्याहून कातकरी मंडळींचं बारीक जाळं आणलं, आणि त्या डोहात माणसांच्या आठवणीत पहिल्यांदा जाळं उतरलं. मग काठावर जो वर्ग भरला तसा आमच्या कॉलेजात कधी भरला नाही. जाळ्यात सगळंच येत होतं: खडशीची पिल्लं, मळ्या मासे, शिंगटी, वाम, चिंगळ्या. मॅडमनी नियम सोपा केला. अंगावर खवले दिसले की लगेच पाण्यात. नाही दिसले तर त्यांच्याकडे. घमेल्यांच्या दोन रांगा लागल्या. वाडीतल्या बायका, कातकरी, कार्यकर्ते, आबा, सगळे ओल्या हातांनी मासे निवडत होते.

"आबा, त्यो सोडा, खवलं हाय त्याला!"

"कुठं हाय?"

"आवो चष्मा लावा. आमदारकीला उभं ऱ्हायचंय न्हवं तुमाला?"

शिंगटीला खवले नाहीत, पण ती डोहातलीच. ती मॅडमच्या हातून परत पाण्यात जाई. मांगूर ड्रममध्ये. दर वेळी एक सोडला की गेणूबाबा पाण्याकडे बघून पुटपुटत, "ही तुजीच गं, परत दिली." दुपारपर्यंत ड्रममध्ये पिल्लांची काळी वळवळ झाली. पुढच्या ओढींना एकही मांगूर आला नाही, तेव्हा मॅडमनी जाळं वर घ्यायला सांगितलं. ड्रम त्या कॉलेजात घेऊन गेल्या. पुढचं काम त्यांनी दार लावून एकट्यांनी केलं, आणि त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

लोकांच्या दृष्टीने विषय संपला. मॅडमच्या दृष्टीने सुरू झाला. सगळे निघाले हे कशावरून? एक जोडी राहिली असली तरी पुरे. पावसाळ्यात डोह ओढ्याशी एक होतो, गढूळ होतो, काही दिसत नाही. त्या वर्षी त्या रविवार आला की वाडीवर जात. अम्मींनी मला एकदा फोनवर सांगितलं, "सर, तुम समझाओ उसको. खाती नहीं, सोती नहीं. मछली का घर डूबेगा बोलती है. मछली का घर डूबेगा क्या कभी?" मी समजावलं. मॅडम म्हणाल्या, "उन्हाळा येऊ दे."

उन्हाळ्याचं कारण असं, की मांगूर हवेवर जगतो. पाणी आटलं, तापलं, की त्याला वरचेवर वर येऊन हवा गिळावी लागते. खडशीला ती गरज नाही. तेव्हा मे महिन्यात डोह आक्रसला, की जाळं नको, कौल नको; नुसतं बसायचं आणि पाण्याचा पृष्ठभाग बघायचा. कोणी श्वासाला वर येतं का.

मी सोबत गेलो. डोह काचेसारखा निवळला होता. मॅडम सकाळीच कातळावर पोटावर पालथ्या झाल्या, ओढणी डोक्यावरून घट्ट गुंडाळून, हनुवटी हातांवर. गेणूबाबा आणि मी मागे जांभळीच्या सावलीत. बोलायचं नाही अशी सूचना होती. ऊन चढलं, पाणी तापलं. खडशी खाली सावलीत संथ फिरत होत्या. काही नाही. बराच वेळ काही नाही.

मग मधोमध पाणी फुटलं. बुडबुडा, आणि एक काळं डोकं क्षणभर वर येऊन खाली गेलं.

मॅडमची पाठ ताठ झाली. गेणूबाबांनी माझं मनगट धरलं. आम्ही त्याच जागेकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने ते डोकं पुन्हा आलं, या वेळी काठाजवळ, मॅडमच्या अगदी समोर. त्यांनी भिंग घेतलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. मग वळल्या.

"मरळ," त्या म्हणाल्या. "मरळीलाही वरची हवा लागते. डोक्यावर खवले आहेत, स्वच्छ दिसले."

"ती तर आमचीच," गेणूबाबा म्हणाले. "माज्या बापाच्या येळंपासून हाय. सवताची पोरं खाती ती."

"खाऊ दे," मॅडम म्हणाल्या. "तेवढं चालतं."

ऊन कलेपर्यंत तीच मरळ पुन्हा पुन्हा वर येत राहिली. दुसरं कोणी आलं नाही. मग काठाच्या उथळ पाण्यात, जिथे तळाचे खडे दिसत होते, तिथे बोटाएवढ्या माशांचा एक घोळका सरकत आला. मागच्या पावसात जन्मलेल्या खडशी, पुष्कळ. मॅडमनी हात पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला. पिल्लं आधी पांगली, मग परत आली आणि बोटांना टोचे मारू लागली.

मी बाबांना काही सांगायला वळलो. परत पाहिलं तर मॅडमनी गाल कातळावर टेकला होता. मला वाटलं रडताहेत. जवळ गेलो, तर झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चपला एकीकडे, पर्स एकीकडे, एक हात अजून पाण्यात. आमच्या कॉलेजातल्या सगळ्यात दक्ष बाई, उघड्या कातळावर, दोन पुरुषांच्या देखत, घोरत होत्या.

वरच्या रस्त्यावर एसटी आली. त्या वाटेवर गाडी कधी येईल ते एसटीलाही माहीत नसतं. ही चुकली तर पुढची उद्याच. चालक ओळखीचा होता, त्याने गाडी थांबवून हॉर्न दिला. मी मॅडमना हाक मारायला वाकलो, तोच गेणूबाबांनी ओठांवर बोट ठेवलं. ते उठले, उन्हात चार पावलं पुढे गेले, आणि दोन्ही हात वर करून त्यांनी गाडीला खूण केली: जा, जा तू.